वाडीवरचं एक मिनिट

आमच्या धंद्याला लोक ‘शूटिंग’ म्हणतात आणि म्हणताना अंगठ्याने हवेत एक बटण दाबून दाखवतात. सासरच्या गोतावळ्यात तर माझी ओळख अजूनही ‘लग्नाच्या कॅसेटी करणारी’ अशीच आहे. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या आणि त्याही गेल्या, पेनड्राइव्हचं कौतुक संपलं, आता माणसं अख्खं लग्न मोबाइलवर अंगठ्याने सरकवत बघतात. पण मी आपली कॅसेटवालीच. मला त्याचा राग येत नाही. लोणावळ्याच्या बाजारात आमच्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत दोन व्हीसीआर शेजारी मांडून, एकावरचं दुसऱ्यावर उतरवत मी हे काम शिकले. पुढच्या खोलीत आमचे हे पासपोर्ट फोटो काढायचे आणि मागच्या खोलीत मी लोकांची लग्नं कापायचे.

फिल्म कशी होते असं कुणी विचारलं, की मी स्वयंपाकघरातूनच सांगते. पाहुणे जेवायला यायचे असले की आधी बेत ठरतो, मग बाजार होतो, मग चुलीपाशी उभं राहावं लागतं. आमच्याकडे बेत म्हणजे काय दाखवायचं ते लिहून काढणं आणि जागा आधी जाऊन बघून येणं. त्याला रेकी म्हणतात. बाजार म्हणजे शूटिंग. आणि स्वयंपाक म्हणजे एडिटिंग, आवाजाची जुळणी, रंग सारखे करणं, ते सगळं. लोकांना फक्त बाजार माहीत असतो, कारण तिथे गर्दी आणि आरडाओरडा असतो. मी मात्र पहिल्यापासून चुलीपाशी रमलेली बाई.

त्यातही चित्रापेक्षा मला आवाजाची काळजी जास्त. चित्र खराब आलं तर त्यावर दुसरं चित्र टाकता येतं, आवाज खराब आला तर सगळंच बेचव. आणि लोणावळ्यात स्वच्छ आवाज मिळवणं म्हणजे काय असतं ते आम्हालाच ठाऊक. रेल्वे आहे, महामार्ग आहे, शनिवार-रविवारी बंगल्याबंगल्यातून डीजे आहे, आणि हे सगळं थांबलं की पत्र्यावर माकडं उड्या मारतात. आमचा आवाजाचा माणूस फारूक कान्ह्याच्या स्टेशनालगत वाढलेला. कानाला हेडफोन लावून तो डोळे मिटून उभा राहतो आणि ‘थांबा, मालगाडी येतेय’ म्हणतो. आपल्याला ती बऱ्याच वेळाने ऐकू येते. कॅमेऱ्यावर विलास. हा लग्नाच्या शूटिंगमध्ये घडलेला गडी. त्याचं ठाम मत असं, की कॅमेरा बंद केला की नेमकी तेव्हाच नवरीची आई रडते, त्यामुळे तो कॅमेरा बंदच करत नाही. त्याच्या या सवयीपायी मला किती फालतू चित्रण बघत बसावं लागलं असेल त्याची गणती नाही. पाठमोरे वाढपी, रिकाम्या खुर्च्या, कुणाच्या तरी चपला. मी त्याच्यावर भरपूर डाफरलेही आहे.

एकदा तुंगार्लीच्या तळ्याकडच्या एका बंगल्यात लग्न होतं. पावसाळ्यातलं, मुंबईच्या पार्टीचं. नवरीला लग्न ढगात लागायला हवं होतं, म्हणून डेकोरेशनवाल्याने धुराचं मशीन आणलं. पावसाळ्यात लोणावळ्याला धुराचं मशीन आणणं म्हणजे चिक्कीच्या दुकानात घरून गूळ नेणं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि तळ्यावरून धुकं असं उतरलं, की आधी मांडव गेला, मग भटजी गेले, मग नवरा-नवरी. विलासच्या कॅमेऱ्यात पांढऱ्याशिवाय काही नाही. त्याने डोक्याला हात लावला. पण फारूकने आवाज सगळा धरला होता. मंगलाष्टकं, बांगड्या, ‘अगं, नवरा कुठे गेला’ म्हणून कुणीतरी हसलेलं, आणि शेवटी नवरीच्या आईचा हुंदका. एडिटिंगला बसल्यावर मी ते पांढरं चित्र तसंच ठेवलं आणि त्याखाली तो आवाज राहू दिला. फिल्म बघताना त्या बाईला नेमकं तिथेच रडू आवरेना. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

हे कौतुक एवढ्यासाठी सांगितलं, की ती फिल्म बंगल्याच्या मोठ्या टीव्हीवर लागली तेव्हा चहा घेऊन आलेला बंगल्याचा माळी दारात उभा राहून बघत होता. त्याचं नाव किसन. औंढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक ठाकर वस्ती आहे, तिथला. पुढच्या श्रावणात तो परसातल्या काकड्या घेऊन स्टुडिओत आला आणि म्हणाला, “ताई, तवा समदं पांढरं दिसत व्हतं, तरी त्या बाई रडल्या. आमच्या वाडीची तशी फिलम व्हईल का?”

वाडीला कशाला फिल्म हवी, असं मी विचारलं. त्याने सगळं नीट सांगितलं. वाडीला रस्ता नाही. खाली उतरायची एकच पायवाट, आणि मधे ओढा. उन्हाळ्यात तो कोरडा असतो. वाडीने रस्त्यासाठी अर्ज केले, एक पाहणीही झाली, पण ती झाली वैशाखात. आलेल्या साहेबांनी बूट न भिजवता ओढा ओलांडला, वर जाऊन करवंदं खाल्ली आणि ‘बारमाही पायवाट आहे’ असा शेरा देऊन ते गेले. कुठल्या खात्याचे ते मी लिहीत नाही, आता ते महत्त्वाचंही नाही. दिवाळीनंतर तालुक्याच्या गावी रस्त्यांची बैठक व्हायची होती. त्यात वाडीचं नाव निघालं नाही तर प्रकरण कायमचं बंद होणार होतं.

“सायेब काय पावसात वर येत न्हाईत,” किसन म्हणाला. “मंग पावसाळाच खाली न्यायचा त्यांच्याकडं.”

इतक्या वर्षांत मोठमोठ्या कंपन्यांचे लोक माझ्यासमोर बसून गेले, फिल्म कशासाठी हवी हे एकालाही एवढं सरळ सांगता आलं नव्हतं. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

रेकीला मी, विलास आणि फारूक गेलो. औंढ्याची भातखाचरं संपली की चढ लागतो. पाऊस चालूच होता. विलासने कॅमेरा बाळासारखा गुंडाळून छातीशी धरला होता. मी दोनदा पाठीवर आपटले आणि आलेली वाट बसून उतरावी की उरलेली रडत चढावी याचा विचार करत चालले. तेवढ्यात आमच्या बाजूने डोक्यावर तांदळाची गोणी घेतलेली एक म्हातारी भराभरा पुढे निघून गेली. ती किसनची आई, सखूमावशी. ओढ्याशी मात्र तीही थांबली. पाणी तांबडं होतं आणि आवाज असा, की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागावं. एकमेकांचे हात धरून साखळी करून वाडीकरांनी आम्हाला पलीकडे नेलं. मला तेव्हाच वाटलं, की फिल्म इथेच आहे, बाकी सगळं भरताड.

पण फिल्म अशी सहज हाती लागली तर तो आमचा धंदा कसला. शूटिंगच्या दिवशी वर पोचलो तर अख्खी वाडी नटून उभी. बायकांच्या अंगावर कोऱ्या साड्या, पुरुषांच्या डोक्याला फेटे, पोरांना पावडर. चिखलाच्या वाटेवर हे सगळे रांगेत उभे राहून कॅमेऱ्याकडे बघत होते, पापणीसुद्धा न हलवता. वाडीच्या अनुभवात कॅमेरा एकाच कामासाठी येतो, तो म्हणजे खालच्या गावातल्या लग्नासाठी. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण चिखलात कोऱ्या साडीतली वाडी बघून कुठला साहेब म्हणेल, की यांना रस्ता हवा? विनवण्या करकरून मी सगळ्यांना रोजचे कपडे घालायला परत पाठवलं. बायका हिरमुसल्या, आणि मलाही ते सांगताना बरं वाटलं नाही.

मग आजारी माणसाचा प्रसंग. वाडीत कुणी आजारी पडलं, की बांबूला घोंगडी बांधून झोळी करतात आणि खांद्यावर घेऊन खाली नेतात. ते दाखवायला हवं होतं. आजारी व्हायला वाडीचे वडीलधारे धोंडूआबा आपणहून पुढे आले. आबा अंगाने भरलेले, तब्येतीने ठणठणीत, आणि हौशी. झोळीत पडल्या पडल्या ते आधी कॅमेऱ्याकडे बघून हसले. आबा, विव्हळा जरा, असं सांगितल्यावर असे विव्हळले, की वाडीतली झाडून सगळी कुत्री भुंकायला लागली. खांदेकऱ्यांना हसू फुटलं आणि झोळी चिखलात टेकली. आबा आतूनच म्हणाले, “पुन्यांदा घ्या, आता झ्याक करतो.”

पुन्यांदा घेतलं, तिसऱ्यांदाही घेतलं. पण खोटं आजारपण पडद्यावर लपत नाही, आणि एकदा साहेबांना ते खोटं वाटलं की आमचा ओढाही त्यांना खोटा वाटला असता. मी ते सगळं रद्द केलं. वाट मिळाली होती, पाणी मिळालं होतं, गोण्या आणि दप्तरं डोक्यावर घेऊन जाणारी माणसं मिळाली होती. पण हे बघून कुणी एवढंच म्हणालं असतं, की बरोबर आहे, डोंगरात पाऊस असतो. मला आतून कळत होतं, की बेत फसलेला आहे.

सामान आवरायच्या आधी फारूकचं एक काम राहिलं होतं. हे बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. कुठल्याही जागी कुणीच बोलत नसलं तरी तिथला म्हणून एक आवाज असतो. पंखा, झाडं, पाणी, भिंती, काहीतरी असतंच. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधे जागा सोडायची असली, तर तिथे त्याच जागेची शांतता भरावी लागते, नाहीतर आवाजाला भोक पडल्यासारखं कानाला कळतं. म्हणून शूटिंग संपलं, की आवाजाचा माणूस सगळ्यांना गप्प उभं करून मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करतो. स्टुडिओतल्या नटांना हे माहीत असतं. फारूकने वाडीतल्या देवळाच्या सभामंडपासमोर उभं राहून त्याच सवयीने सांगितलं, “सगळ्यांनी एक मिनिट शांत उभं राहा.”

बसलेली माणसं उठली. पुरुषांनी टोप्या काढल्या. बायकांनी पदर सारखे केले. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. आमच्या लक्षात यायला वेळ लागला. गावात सभा भरली आणि सगळ्यांना एक मिनिट शांत उभं केलं, तर ते एकाच कारणासाठी असतं. फारूकने माझ्याकडे बघितलं, मला हसू यायच्या बेतात होतं, आणि तेवढ्यात धोंडूआबांनी मान वर न करता शेजारी हळूच विचारलं, “कोन गेलं?”

मग सखूमावशी म्हणाली, “आमची चंद्री.”

त्यानंतर खरी शांतता पडली. मी किसनकडे बघितलं. त्याने टोपी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. पन्हळीतून पाणी ठिबकत होतं, कुठेतरी एक शेळी ओरडली, आणि त्या सगळ्याच्या खाली ओढ्याचा आवाज एकसारखा येत होता. दिवसभर आम्ही तो ऐकत होतो, पण असा ऐकला नव्हता. मिनिट उलटून गेलं. फारूक ‘झालं’ म्हणेना आणि कुणी हलेना. शेवटी सखूमावशीच खाली बसली, तेव्हा बाकीचे बसले.

चंद्री म्हणजे किसनची बायको. आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. आदल्या पावसाळ्यात भाताच्या लावणीत तिला पान लागलं. झोळी करून खाली नेलं, पण ओढ्याला पाणी. वाडीकडच्या काठावर झोळी ठेवून सगळे पाणी उतरायची वाट बघत बसले. पाणी उतरलं तेव्हा ती नव्हती.

हे मला आधी का सांगितलं नाहीत, असं मी किसनला विचारलं. तो म्हणाला, “मला रस्ता पायजे व्हता, ताई. रडगानं न्हाई.”

खाली आल्यावर मी चित्रण बघायला घेतलं, आणि त्यात ते मिनिट होतं. चित्रासकट. विलासने सवयीप्रमाणे कॅमेरा छत्रीखाली चालूच ठेवला होता. ज्या सवयीवर मी इतकी वर्षं डाफरत आले, त्या सवयीला मी त्या दिवशी हात जोडले, आणि विलासला स्टुडिओच्या दारातच मिठी मारली. तो बिचारा घाबरला.

फिल्मचं निवेदन मी छान अलंकारिक लिहून ठेवलं होतं, ते सगळं फाडून टाकलं. वाट, पाणी, गोण्या, दप्तरं, ओढ्यातली माणसांची साखळी, आणि शेवटी ते मिनिट, अखंड. यावर विलासशी माझं कडाक्याचं भांडण झालं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. हल्ली कुणी एक चित्र चार क्षणांच्या वर बघत नाही. नुसती उभी राहिलेली माणसं, तीही मान खाली घालून, अख्खं मिनिट दाखवायची म्हणजे साहेब मोबाइल काढणार, आणि वाडीचा रस्ता आपल्या हौसेपायी जाणार. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी मी किसनला बोलावून दोन्ही प्रकारे दाखवलं, छोटं आणि पूर्ण. सखूमावशीला विचारून येतो म्हणून तो गेला आणि दुसऱ्या दिवशी निरोप घेऊन आला, की आई म्हणते, तिथं मिनिटभर उभं ऱ्हायलो तर तेवढंच दाखवा, कमी कशाला.

बैठकीचं सभागृह भरलेलं होतं. पुढे साहेब मंडळी, मागे गावोगावची माणसं, सगळ्यात मागे किसन, सखूमावशी आणि धोंडूआबा. सभागृहातल्या स्पीकरवर फारूकचा विश्वास नसतो, त्याने स्वतःचे आणले होते. फिल्म सुरू झाली तेव्हा चहा फिरत होता. पुढच्या रांगेत दोघांचं हळू आवाजात वेगळंच काही चाललं होतं. मुख्य साहेब मोबाइल बघत होते. ओढा आला तेव्हा त्यांनी एकदा मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

मग पडद्यावर माणसं उठून उभी राहिली. टोप्या निघाल्या, माना खाली गेल्या. “कोन गेलं?” “आमची चंद्री.”

दाराजवळच्या स्टुलावर बसलेला शिपाई आधी उठला. त्याने टोपी काढली. मागच्या रांगांतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, मग मधल्या रांगांतून. समोर माणसं श्रद्धांजलीला उभी आहेत आणि आपण बसून चहा पितोय, हे आपल्याकडे कुणाला जमत नाही. साहेबांनी मागे वळून बघितलं, सगळं सभागृह उभं होतं. त्यांनी मोबाइल खिशात टाकला आणि तेही उठले, मान खाली घालून. त्या बंद सभागृहात फक्त ओढ्याचा आवाज होता. फारूकने तो इतका नीट धरला होता, की पाणी खुर्च्यांखालून वाहतंय असं वाटावं.

फिल्म संपली, पडदा काळा झाला, तरी कुणी बसेना. अशा वेळी आधी अध्यक्षाने बसायचं असतं, आणि अध्यक्ष साहेबच होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “बसा.” मग त्यांनी विचारलं, की त्या बाई कुणाच्या घरातल्या.

“माजी मंडळी, सायेब,” किसन मागून म्हणाला.

“आणि तो आवाज कसला होता?”

“वढा, सायेब. दिवाळीपत्तुर ऱ्हातोय तसाच.”

साहेबांनी शेजारच्या माणसाला सांगितलं, की ‘बारमाही’ हा शब्द काढून टाका, आणि रस्त्याबरोबर पूलही घ्या. बस, एवढंच. मी पुरस्कारही घेतले आहेत, स्टुडिओत काचेच्या कपाटात ते ओळीने मांडले आहेत. पण त्या दिवशी सभागृहाबाहेर येऊन मी आणि फारूक आणि विलास वडापाव खात उभे होतो, तेव्हा जो आनंद झाला तसा कुठल्याच पुरस्काराने दिला नाही. विलास सारखा म्हणत होता, “उठले की नाही साहेब? उठले की नाही?” जणू कॅमेरा चालू ठेवायची युक्ती त्याने मुद्दाम केली होती.

एक रुखरुख मात्र आहे. माझ्याकडे मावळातली निम्मी लग्नं साठवलेली आहेत. चंद्रीचं लग्न त्यात नाही, तिचा चेहरा माझ्याकडे कुठेच नाही. किसनला विचारलं तर तो म्हणाला, फोटो काढायला खाली कोण उतरतंय.

मंजुरीनंतर रस्ता व्हायला जो वेळ लागायचा तो लागला, किसनने हेलपाटे घातले, पण झाला. पहिली गाडी वर जायच्या दिवशी वाडीने आम्हाला शूटिंगला बोलावलं. आम्ही जीपमध्ये बसून गेलो. पुलावर मी गाडी थांबवायला लावली. खाली तांबडं पाणी तसंच धडाडत होतं, आणि आम्ही वरून कोरडे जात होतो. वर पोचलो तर सगळी वाडी पुन्हा कोऱ्या साड्यांत आणि फेट्यांत उभी, कॅमेऱ्याकडे टक लावून. या वेळी मी कुणाला कपडे बदलायला सांगितलं नाही. उलट विलासला म्हटलं, एकेकाचा चेहरा नीट घे, सावकाश घे.

जेवणं झाली, सामान आवरायची वेळ आली आणि फारूक आपला हेडफोन लावून सभामंडपासमोर उभा राहिला. म्हणाला, “सगळ्यांनी एक मिनिट शांत उभं राहा.”

कुणी ऐकलं नाही. पोरं जीपचा हॉर्न वाजवत सुटली होती, बायका बोलत होत्या, खालून दुधाची गाडी चढत येत होती. फारूकने पुन्हा सांगितलं, मग किसनने ओरडून सांगितलं. तेव्हा धोंडूआबा हातातला विडा तोंडात टाकत म्हणाले, “आता कोन न्हाई गेलं, बाबा. मंग गप कशापायी ऱ्हायाचं?”

फारूकने हेडफोन काढला. त्या दिवसाच्या फिल्ममध्ये शांतता कुठेच नाही.